घरात डॉक्टर हवा, पण कोणासाठी?

प्रश्न : मी खारघरला राहतो, वय 54. दोन वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. हृदयाच्या धमन्यांतले अडथळे मोजणारा सिंटॅक्स स्कोअर 34 आला, म्हणून डॉक्टर स्टेंट नको म्हणाले. मुलाने दोनदा ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली. यंदा 720 पैकी 410. गणितही ठेवलं होतं, बारावीला त्यात 91. आता म्हणतो, संख्याशास्त्र शिकून असे स्कोअर बनवायचेत. ते काम डॉक्टरांचंच ना? घरात एक डॉक्टर हवा. तो कार्डिऑलॉजिस्ट झाला की माझ्या जिवाला घोर नाही. तिसऱ्यांदा बसवू का?
– एक पालक

उत्तर : 410 मार्कांची मला काळजी वाटली नाही. तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, इथे थोडक्यात दिलंय. त्यात ‘मला आता टेन्शन सोसत नाही’ हे तीनदा आलंय आणि तिन्ही वेळा ‘मुलगा ऐकत नाही’ याला लागूनच. अहो, छातीवरचा व्रण दाखवून तुम्ही पोराकडून ‘हो’ वदवून घेताय. बायपास झाली तेव्हा तो बारावीत होता. बाप ऑपरेशन टेबलावर असताना त्याने ‘ह्युमन फिजिऑलॉजी’ कशी पाठ केली असेल, हे कधी विचारलंत?

हिशेबच करा. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम (कार्डिऑलॉजिस्ट व्हायची पदवी) तीन आणि मध्ये आणखी दोन प्रवेश परीक्षा. तोवर तुम्ही 66 च्या पुढे. त्यातून स्वतःच्या बापाच्या धमनीत तार घालायला सहसा कोणी धजत नाही. घरातला डॉक्टर तुम्हाला हवाय तो धीरासाठी. त्याला एवढी फी?

आता तुमचा गैरसमज. सिंटॅक्स स्कोअर अँजिओग्राफी पाहून काढतात: दीड मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या धमनीत 50 टक्के किंवा जास्त अडथळा कुठे आहे, फाट्यावर आहे का, कॅल्शियम किती, नस पूर्ण बंद आहे का. 22 पर्यंत कमी, 33 पासून वर जास्त. म्हणजे 34 हा तुमच्या धमन्यांचा आकडा, तुमचा नव्हे. वय, किडनी, हृदयाचं पम्पिंग त्यात नाहीच. म्हणून 2013 मध्ये सिंटॅक्स स्कोअर 2 आला आणि त्यात या गोष्टी मिळवल्या. फिल्म वाचणारे डॉक्टरच. पण कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं आणि भाकीत प्रत्यक्षात किती खरं ठरतं, हे तपासायला संख्याशास्त्र लागतं. स्टेंट आणि बायपास यांची तुलना करणारी मूळ सिंटॅक्स चाचणी युरोप-अमेरिकेतल्या 1800 रुग्णांवर झाली. तिथला आकडा खारघरच्या पन्नाशीतल्या माणसाला जसाच्या तसा लागू पडेल का, हे तपासणं हेसुद्धा कामच आहे. आणि एखाद्या स्कोअरने धोका 10 टक्के सांगितला, म्हणजे तुमच्यासारख्या शंभरांतले साधारण दहा. ते दहा कोण, हे कुठलाही स्कोअर सांगत नाही. तुमच्या मुलाला हे कळलेलं दिसतंय.

तिसऱ्यांदा बसवू नका. त्याने स्वतःहून मागितलं तरच बोलू.

बी.एस्सी. संख्याशास्त्र किंवा इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा, पुढे बायोस्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्रात, एम.एस्सी. देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था तुम्हाला हार्बर लाइनवरच आहे, गोवंडीला उतरायचं. ‘एका वर्षात हेल्थकेअर एआय तज्ज्ञ’ अशा लाखभर रुपयांच्या जाहिरातींना मात्र हात लावू नका. त्या क्लासवाल्यांना लॉजिस्टिक रिग्रेशन (धोक्याचं भाकीत करायची संख्याशास्त्रातली मूलभूत पद्धत) विचारा, चेहरे बघा.

पुढच्या फॉलोअपला त्याला बरोबर न्या. तुमच्या अँजिओग्राफीची सीडी असेल, तर 34 कसे झाले ते डॉक्टरांना त्यालाच विचारू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा.

आणि एवढ्या लांबलचक पत्रात त्याचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या.