सांगलीत चाळिशीनंतर नाले-गाळ सफाईचं ट्रेनिंग घेऊन उपयोग होतो का? घरचे म्हणतात घाण उपसायला ट्रेनिंग कशाला

होतो की. पण मी लिहायला बसलोय ते त्या "घाण उपसायला ट्रेनिंग कशाला" साठी, कारण आमचे दाजी लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतात आणि हेच वाक्य त्यांनी मला भर पंगतीत ऐकवलंय.

२०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर मारुती चौकाकडच्या एका दुकानाचं तळघर दाजींनी साफ करायला घेतलं. मांडीभर काळा गाळ, त्यात ड्रेनेज मिसळलेलं, वासानं डोळे चुरचुरायचे. जरा वेळानं एक पोरगा म्हणाला आता वास येईना, तर दाजी म्हणाले मग उतरा की, आणि पेट्रोलचा पंप पण खालीच न्या, पाईप पुरंना. मी जिन्यातच आडवा उभा राहिलो. गल्लीतल्या समाजमंदिरातल्या ट्रेनिंगमध्ये जे शिकलो त्यात पहिलं हेच होतं, सडक्या अंड्याचा वास असलेला गॅस वाढला की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं नसतं. आणि पंपाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड तर मुळात वासच देत नाही. शिकवणाऱ्या काकांकडून मागून आणलेला विषारी गॅस ओळखणारा मीटर दोरीनं खाली सोडला तर बोंबलायलाच लागला. दाजी म्हणाले, "मशीन बिघडलंय तुझं." शेवटी पंप रस्त्यावर, शेजारच्याचा पाईप जोडला, जाळ्या काढून फॅन लावला, मीटर गप झाल्यावर पोरं उतरली. अर्धा दिवस गेला, तो दाजी अजून काढतात. गटारात माणूस मेला तर ३० लाख भरपाई द्या असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय, त्यात किती अर्धे दिवस बसतात ते त्यांनी मोजावं.

तुम्ही महापालिकेच्या आरोग्य विभागात 'नमस्ते' योजनेचं (गटार-सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांसाठीची केंद्राची योजना) विचारा. नुसत्या स्लाईड दाखवून सर्टिफिकेट देणारे असतील तर जाऊ नका, मीटर हातात देतात का बघा, आणि शिकवणारा स्वतः या कामातला पाहिजे.

हां, नोकरी पक्की होत नाही आणि हजेरी पण लगेच वाढत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. मॅनहोलमध्ये उतर म्हणाले तर सरळ नाही म्हणा, सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि पायाला चीर असली तर पुराच्या गाळात जाऊच नका, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होऊ शकतो.