पुढे पुढे करणारं इंग्रजी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ग्राहकाला पाठवायच्या ईमेलमध्ये मी ‘वुई विल बेंड ओव्हर फॉर यू’ असं लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडलं. का?

उत्तर: ‘बॅकवर्ड्स’ गाळलंत म्हणून. ‘बेंड ओव्हर बॅकवर्ड्स’ म्हणजे कुणासाठी जिवाचं रान करणं. नुसत्या ‘बेंड ओव्हर’चा अर्थ ओणवं होणं, आणि त्याला अश्लील छटा आहे, साहेबांनी लाज राखली म्हणायची. रचना अशी: पुढे माणूस आला तर ‘फॉर’, काम आलं तर ‘टू’ आणि मूळ क्रियापद. ‘दे बेंट ओव्हर बॅकवर्ड्स टू हेल्प अस.’ भूतकाळ ‘बेंट’, ‘बेंडेड’ नाही. आणि पूर्ण लिहिलं तरी ग्राहकाला स्वतःबद्दल हे सांगू नये. तुमच्यापायी किती खस्ता खातोय, असं ऐकवल्यासारखं होतं. दुसऱ्याचे आभार मानताना मात्र अगदी चपखल बसतं.

प्रश्न: त्याऐवजी ‘फॉल ओव्हर वनसेल्फ’ चालेल?

उत्तर: आभाराच्या पत्रात नको, त्यात टवाळी आहे. नव्या मंत्र्याला पायघड्या घालायला धावणारी मंडळी आठवा: ‘दे वेअर फॉलिंग ओव्हर देमसेल्व्ज टू प्लीज हिम.’ कर्ता बदलला की ‘हिमसेल्फ’, ‘हरसेल्फ’ असं बदलायचं. तो शब्द गाळला, तर माणूस सरळ धडपडला असा अर्थ होतो.

प्रश्न: ‘गो आउट ऑफ वन्स वे’ चांगल्या अर्थी की वाईट?

उत्तर: दोन्ही. पुढचं क्रियापद ठरवतं. ‘टू हेल्प’ आलं तर वाकडी वाट करून मदत, ‘टू इन्सल्ट’ आलं तर मुद्दामहून अपमान.

प्रश्न: मुलाखतीत उत्साह दाखवायला ‘ईगर बीव्हर’ म्हणू, की ‘चॉम्पिंग ॲट द बिट’?

उत्तर: एकही नको. ‘ईगर बीव्हर’ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात फोफावलं, वरिष्ठांपुढे मिरवणाऱ्यांना चिमटा काढायला. तो चिमटा अजून बोथटलेला नाही. दुसऱ्याचं जुनं रूप ‘चॅम्पिंग’. ‘चॉम्पिंग’ अमेरिकेत जास्त रुळलं, आज दोन्ही चालतात. ‘बिट’ म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडातला भाग. धावायचंय पण आवरून धरलंय, म्हणून घोडा तो चावत राहतो. त्यामुळे कुणीतरी किंवा काहीतरी अडवून धरलेलं असेल, तिथेच हा वाक्प्रचार जमतो: परवानगी अडकलीय, निकाल लागायचाय. अडवणूक नसेल तर ‘रेअरिंग टू गो’ म्हणा. लिहिताना स्पेलिंग आर-ए-आर-आय-एन-जी. आरनंतर ‘ई’ घुसडली की मुलं वाढवणारं ‘रिअरिंग’ होतं.