कंपनी राजीनामा मागत असेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की एचआरने अचानक बोलावून राजीनाम्याचा तयार मजकूर समोर ठेवला. "आजच पाठवा, नाहीतर आम्हाला काढून टाकावं लागेल आणि मग पुढे कुठे नोकरी मिळणार नाही," असं सांगितलं. तुम्ही एक दिवसाची मुदत मागून घेतलीत, हे फार चांगलं केलंत. मी कर्मचारी संघटनेत अशी प्रकरणं हाताळते, म्हणून आधी एवढंच सांगते की जाणत्या माणसाचा सल्ला घेतल्याशिवाय तो मजकूर पाठवू नका.

राजीनामा पाठवला की कागदोपत्री तुम्ही स्वखुशीने गेलात. मग कंपनीला कारण द्यावं लागत नाही आणि चौकशीही करावी लागत नाही. दबाव टाकून घेतलेला राजीनामा म्हणजे बडतर्फीच, असं अनेक देशांतली न्यायालयं मानतात. पण दबाव होता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि बंद खोलीतल्या बोलण्याला साक्षीदार नसतो.

तुम्ही कुठल्या देशात काम करता ते लिहिलेलं नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी उपयोगी पडेल तेवढंच सांगते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1982 चा 158 क्रमांकाचा करार नोकरीवरून काढण्याबद्दलच आहे. कामगाराची क्षमता, त्याची वर्तणूक किंवा कंपनीची कामकाजाची गरज, यांच्याशी जोडलेलं सबळ कारण असल्याशिवाय काढू नये, असं तो म्हणतो. कर्मचारी संघटनेचं सभासदत्व, मालकाविरुद्ध केलेली तक्रार, वंश, धर्म, गरोदरपण, कौटुंबिक जबाबदाऱ्या ही कारणं चालत नाहीत. काम नीट नाही किंवा वागणूक वाईट आहे असा आरोप असेल, तर काढण्याआधी बाजू मांडायची संधी मिळायला हवी. हा करार सगळ्यांनी स्वीकारलेला नाही, भारताने आणि अमेरिकेनेही नाही. अमेरिकेत तर मोन्टाना सोडून इतर राज्यांत साधारणपणे कारण न देताही काढता येतं, भेदभाव किंवा सूडबुद्धी मात्र तिथेही बेकायदा आहे. पण कंपनीने कारण काय दिलं आणि तुमचं म्हणणं ऐकून घेतलं का, हे दोन प्रश्न जवळपास कुठल्याही देशात आधी विचारले जातात.

म्हणून आजच एचआरला आणि तुमच्या वरिष्ठांना एक छोटा, शांत ईमेल पाठवा. मजकूर असा चालेल: "आजच्या बैठकीत मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही. माझ्या कामाबद्दल काही तक्रार असल्यास ती लेखी कळवावी, मी तिला उत्तर देईन. मी नेहमीप्रमाणे कामावर हजर राहत आहे." त्यात राग नको, आरोप नको, लांबण नको. हा ईमेल पुढे अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायाधीशासमोर वाचला जाईल, असं समजूनच लिहा.

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. अपमान झाला म्हणून माणूस दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद करतो आणि मग "न कळवता गैरहजर, नोकरी सोडून गेले" अशी नोंद होते. हे इतक्यांदा होताना पाहिलंय की दर वेळी जीव तुटतो. प्रवेश नाकारला तर दारातूनच तसा ईमेल करा.

कंपनीचा ईमेल कुठल्याही क्षणी बंद होऊ शकतो. नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, कामाचे वार्षिक मूल्यमापन, रजेचे अर्ज, तुम्हाला मिळालेल्या नोटिसा यांच्या प्रती आत्ताच स्वतःजवळ ठेवा. मात्र ग्राहकांची माहिती किंवा गोपनीय फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, तसं केलंत तर कंपनीला काढायला खरंखुरं कारण मिळेल. घडलेल्या गोष्टी तारखेनुसार लिहून काढा, कोण काय म्हणालं ते शक्य तितकं त्याच शब्दांत. सहकारी तुमच्या बाजूने बोलतील अशी आशा फार धरू नका. त्यांनाही घर चालवायचं असतं, त्यांच्यावर रागावू नका.

कारणे दाखवा नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत मुद्देसूद उत्तर द्या. चौकशी लागली तर हजर राहा, कागद मागा, सोबत सहकारी किंवा संघटनेचा प्रतिनिधी आणायची परवानगी लेखी मागा.

आणि तरीही काढलंच, तर त्याच आठवड्यात वकील, संघटना किंवा सरकारी कामगार कार्यालय गाठा. दाद मागायची मुदत काही देशांत अगदी तुटपुंजी असते. जर्मनीत लेखी नोटीस हाती पडल्यापासून 3 आठवडे, ऑस्ट्रेलियात काढल्यापासून 21 दिवस. कंपनीकडे अपील केलंय म्हणून ही मुदत थांबते असं समजू नका, चांगल्या बाजूची प्रकरणं केवळ यामुळे हातची जातात.

बऱ्याच ठिकाणी निकालाआधी समेटाचा प्रयत्न होतो आणि पुष्कळ भांडणं तिथेच मिटतात. कामावर परत घ्यावं, ही मागणी सुरुवातीला जरूर ठेवा. पण ज्या वरिष्ठाने घालवलं त्याच्याच हाताखाली परत बसायचं आहे का, याचा प्रामाणिकपणे विचार करा. बहुतेकांना शेवटी नुकसानभरपाई आणि डाग नसलेलं अनुभव प्रमाणपत्र हवं असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. प्रमाणपत्रातला मजकूर आणि पुढच्या मालकाने विचारल्यास कंपनी काय सांगणार, हे तडजोडीतच लिहून घ्या. "यापुढे कोणताही दावा करणार नाही" असं कलम त्यात बहुधा असतं. थकीत पगार, नोटीस काळाचं वेतन, शिल्लक रजेचे पैसे हे सगळं रकमेत धरलंय का, ते तपासूनच सही करा.

उद्या त्यांनी परत बोलावलं तर जा, ऐकून घ्या, "लेखी द्या, वाचून उत्तर देते किंवा देतो" एवढंच म्हणा. देश आणि नेमणूक पत्रातलं नोटीस काळाचं कलम इथे लिहिलंत, तर मला आणखी नेमकं सांगता येईल.