साफसफाईचं एक घर सोडायचंय, पण त्याच अपार्टमेंटमध्ये माझी आणखी दोन घरं आहेत. काकूंना वाईट न वाटता कसं सांगू?

ताई, तुम्ही लिहिलंय की काकू झाडू-फरशीच्याच पैशात जाळ्या, खिडक्या, पाहुण्यांची भांडी सगळं करून घेतात, पगार दहा-बारा तारखेपर्यंत लांबवतात आणि वर रोजची कटकट. सोडायचं ठरलंय, फक्त तोंडातून शब्द फुटत नाही. मी लातूरला हेच काम करते. आधी एकटी होते, आता आम्ही चौघी मिळून घरं घेतो. आजवर तीन घरं मी स्वतःहून सोडली. पहिलं फार वाईट सुटलं, तेच आधी सांगते.

त्या घरी बोअरचं पाणी. आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे नळाला, बादलीला, फरशीला पांढरा थर. वहिनी रोज बाथरूमच्या नळावरून बोट फिरवायच्या आणि ते बोट माझ्या डोळ्यांपुढं धरायच्या. बोलायच्या काहीच नाहीत, नुसतं बोट. नगरपालिकेचं पाणी कधी रात्री अकराला यायचं, की लगेच फोन, "बाई, नळ आलेत, हौद भरून जा." हे कधी ठरलेलंच नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "वहिनी, कंबर लई दुखायली, डॉक्टरनं वाकू नका म्हणून सांगितलंय." त्या म्हणाल्या, "मग वाकू नको, मी मॉप आणते." आणि दुसऱ्या दिवशी खरंच आणला! आता काय बोलणार? त्या मॉपपायी मी आणखी दोन महिने काढले. मग "गावी चालले" म्हणून सुटले आणि चौथ्याच दिवशी समोरच्या घरातून कचऱ्याची बादली घेऊन निघताना त्यांनी मला पाहिलं. बाई खोटारडी आहे, हे गल्लीभर झालं.

म्हणून कारण देऊ नका. खरंही नको आणि खोटंही नको. पगाराचं कारण काढलं तर काकू दोनशे वाढवतील, वेळेचं काढलं तर "दुपारी ये" म्हणतील, कटकटीचं काढलं तर रडतील किंवा भांडतील. तुम्हाला तर सोडायचंय, मग घासाघीस कशाला?

नीट सोडायचं कसं, हे मला कामावरून काढणारीनंच शिकवलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, आठवत असेल. प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं फरशी कोण पुसून घेतं? महिनाभरात माझी चार घरं गेली. तिघींनी फोनवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. चौथ्या बाई शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "तीस तारखेपर्यंत ये. पैसे हे आत्ताच घे. पाऊस पडल्यावर पाहू." राग यायला जागाच ठेवली नाही. तेच बोलणं मी आता उलटं करून वापरते:

"काकू, तीस तारखेपर्यंत मी येते. एक तारखेपासून तुमच्याकडं जमणार नाही. तोवर दुसरी बाई बघा, मी तिला काम दाखवून देते."

"कामून गं? काय झालं?"

"काही नाही काकू, नाही जमणार."

तिसऱ्यांदा विचारलं तरी एवढंच, आणि आवाज न चढवता. काम उरकून चप्पल घालायच्या वेळी सांगा, काकू एकट्या असताना. काकांपुढं किंवा पाहुण्यांपुढं सांगितलं तर त्यांना ते अपमानासारखं लागतं आणि मग त्या मुद्दाम अडून बसतात.

पगार हातात पडल्यावरच तोंड उघडा. तुमच्या काकू बारा तारखेला देतात ना, मग तेराला सांगा, म्हणजे अडकला तर चालू महिनाच अडकेल. उचल घेतली असेल तर ती आधी फेडा, डोक्यावर उचल असली की आपलं "जमणार नाही" कुणी ऐकत नाही. शेवटच्या हिशेबात खाड्याचे शे-दोनशे कापले तर मी सोडून देते. अख्खा पगार दाबला तर मात्र दाराशी जाऊन बसते, तिथं सभ्यपणा संपला.

महालक्ष्म्यांच्या आणि दिवाळीच्या तोंडावर सोडू नका. दिवाळीनंतर सोडलं की "बोनस घेऊन पळाली" म्हणतात. म्हणू द्या, तो वर्षभराच्या कामाचा असतो.

शेवटच्या आठवड्यात काही काकू वर्षाची सफाई काढून घेतात. ठरलेलं काम नेहमीपेक्षा नीट करा, जास्तीचं नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकून संडास घासायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. त्यातून क्लोरीन वायू निघतो. मी एकदा त्या वासानं दिवसभर खोकत होते. किल्ली तुमच्याकडं असेल तर काकूंच्या हातात द्या, वॉचमनकडं नाही, आणि घरी येऊन "किल्ली दिली, हिशेब झाला" असा मेसेज टाका. पुढं काही सापडेनासं झालं की पहिलं नाव आपलं येतं.

बाकीच्या दोन घरी विचारतीलच, तिकडचं का सोडलं. तिथंही "जमत नव्हतं" एवढंच. एका ताईंपाशी मन मोकळं केलं तर लिफ्ट वर पोचायच्या आत ते काकूंच्या कानावर गेलेलं असतं.

घरेलू कामगार कल्याण मंडळात (२००८ चा कायदा) तुमची नोंदणी झालीय का? नसेल तर अर्जाला मालकाचा दाखला लागतो. तो बाकीच्या दोन घरांपैकी एकीकडून घ्या, या काकूंपुढं त्यासाठी हात पसरू नका.

हे सगळं कटकट्या माणसांसाठी झालं. घरातला कुणी पुरुष अंगचटीला येत असेल तर तीस तारीख वगैरे काही नाही, त्याच दिवशी बंद. २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात घरकामगार बायकाही येतात. तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं लेखी तक्रार देता येते.

सोडल्यावर फोन येतो, तयारी ठेवा. मागच्या वर्षी मी सोडलेल्या काकूंचा महिन्याभरात आला, नवी बाई टिकली नाही म्हणून. मी म्हटलं, "सकाळची वेळ भरली काकू." थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "बरं, ते नळाचे पांढरे डाग तू कशानं काढायचीस?" सांगितलं, लिंबू पिळलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा. खालच्या शहाबादी फरशीवर मात्र थेंब पडू देऊ नका, ती चुनखडीची असते, आंबटानं तिची चमक जाते.