सकाळी पेट्रोलचा वास येतो, गाडी चालवू का?

प्रश्न: आमची सीएनजी गाडी जुनी आहे. सकाळी स्टार्ट केली की पेट्रोलचा वास येतो, थोड्या वेळाने जातो. मेकॅनिक म्हणतो, एवढं चालतं. रोज घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये असतो, मागे मुलं असतात. काय करू?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर: दादा, अजिबात चालत नाही, गाडी आजच उभी करा आणि टो करून न्या. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर स्टार्ट होतात आणि इंजिन गरम झालं की गॅसवर जातात, त्यामुळे वास गेला म्हणजे लीक बंद झालं असं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते, आणि ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत तापलेला एक्झॉस्ट किंवा वायरिंगची एखादी ठिणगी तिला पुरते. फ्युएल पाइप, क्लॅम्प, इंजेक्टरचे ओ-रिंग (गळती अडवणाऱ्या रबरी रिंगा) सगळं तपासून घ्या, उंदरांनी पाइप कुरतडलाय का तेही बघा (आपल्याकडे पार्किंगमध्ये हे फार होतं), आणि फाटलेल्या पाइपला टेप मारू देऊ नका, नवीनच टाका. मेकॅनिकही बदला, असं मला मनापासून वाटतं.

सीएनजी हवेपेक्षा हलका, उघड्यावर वर उडून जातो, पण बंद डिकीत साठतो. टाकीत दाब 200 बारपर्यंत असतो, म्हणून दर 3 वर्षांनी हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) करायचीच.

चालत्या गाडीतून धूर दिसला तर कडेला घ्या, इग्निशन बंद, आधी मुलांना उतरवा, बोनेट उघडू नका कारण हवा मिळाली की आग भडकते, लांब जाऊन 101 किंवा 112 ला फोन करा.