पडदे आधी की लग्न आधी?

‘एकट्यासाठी कशाला एवढं करायचं?’ चाळिशीच्या आसपासचे, एकटे राहणारे पुरुष समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा कधी ना कधी हे वाक्य ऐकू येतंच. कुणाचं लग्न जमलेलं नसतं, कुणाचं मोडलेलं असतं, कुणाची पत्नी वारलेली असते. वाक्य मात्र तेच. भाजीला फोडणी कशाला घालायची, डबा येतोच की. गॅलरीत झाडं कशाला लावायची, पाणी कोण घालणार. त्यांच्या आया-बहिणी फोन करतात तेव्हा याच चिंतेची दुसरी बाजू कळते. ‘मॅडम, तो नुसता दिवस ढकलतोय. लग्न झालं की सुरळीत होईल ना हो सगळं?’

हल्ली मी या प्रश्नावर एका गृहस्थांची हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 43. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात, एका कारखान्याच्या डिझाइन विभागात नोकरी. पगार चांगला, व्यसन नाही, स्वतःचा वन बीएचके. मोठ्या बहिणीने आग्रह करून माझ्याकडे पाठवलेलं. नेमकी तक्रार काय, हे त्यांना सांगता येईना. ‘रविवार खायला उठतो’ एवढंच म्हणाले. आठवडाभर कामात वेळ जातो. रविवारी दुपारी चारनंतर मात्र मोबाइल घेऊन पलंगावर पडतात ते अंधार झाला तरी दिवा लावायलासुद्धा उठत नाहीत.

अशा माणसाला मी ‘तुम्हाला आतून काय वाटतं’ असं सुरुवातीलाच विचारत नाही. आपल्याकडच्या पुरुषांना भावनांविषयी बोलायचा सराव कुणी दिलेला नसतो. घराविषयी विचारलं तर ते मोकळेपणाने बोलतात, आणि जे सांगायचं असतं ते त्यातच येतं.

‘चहा कशात पिता?’

‘स्टीलच्या ग्लासात.’

‘घरात कप नाहीत?’

‘आहेत की. वास्तुशांतीला बोनचायनाचा सेट आला होता. खोक्यात आहे.’

‘खिडक्यांना पडदे?’

‘नाही लावले अजून. पेपर चिकटवलाय, ऊन फार येतं म्हणून.’

‘घर घेऊन किती वर्षं झाली?’

‘नऊ.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘पडदे, भिंतींचा रंग हे सगळं तिच्या पसंतीने होईल ना.’

ती कोण, हे मी विचारलं नाही. कुणीच नव्हती. बोलणी चालू असलेलं स्थळही नव्हतं.

पुढच्या काही भेटींत मी त्यांना अगदी बारीकसारीक गोष्टी करायला सांगितल्या. कपांचं खोकं उघडा. एक कुंडी आणा. रविवारी एक वेळ घरी काहीतरी शिजवा. ते मान डोलवायचे, पुढच्या वेळी ‘राहूनच गेलं’ म्हणायचे. बहिणीच्या मते हा आळस होता. मला तसं वाटत नव्हतं. हा माणूस कारखान्यात एक मिलिमीटरची चूक चालवून घेत नव्हता. आळशी माणूस सगळीकडेच आळशी असतो. हा फक्त स्वतःच्या घरात हात बांधून बसला होता, आणि ते हात कशाने बांधलेत हे शोधायचं होतं.

एके दिवशी ते चिडले. मला बरं वाटलं, कारण इतके दिवस ते सगळ्याला फक्त ‘हो’ म्हणत होते.

‘तुम्ही आणि ताई एकच बोलता. स्वयंपाक शीक, घर लाव, छंद लाव. म्हणजे काय, तर एकटं राहायची तयारी कर. मला नाही करायची ती तयारी. मला लग्न करायचंय.’

‘पडदे लावले तर लग्न होणार नाही?’

‘तसं नाही हो. पण लावले की झालंच ना मग. मान्यच केलं ना मी.’

‘काय मान्य केलं?’

अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं. ते जमायला वर्षं लागतात. माणूस उत्तराच्या अगदी जवळ आलेला असतो, आणि आपण मदत म्हणून एक शब्द पुरवला तरी तो मागे फिरतो. मी काही बोलले नाही. पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. बऱ्याच वेळाने ते खाली बघत म्हणाले, ‘की आता कुणी येणार नाही.’

डोळ्यांत पाणी आलं होतं. थोडं सावरल्यावर त्यांनीच पुढे सांगितलं, की बोहारणीला देऊन टाकावा म्हणून तो कपांचा सेट त्यांनी एकदा बाहेर काढला होता, आणि तोही देववला नाही.

त्या दिवशी माझ्यापुरती एक गोष्ट लख्ख झाली, आणि तेव्हापासून असे अनेक पुरुष मला नीट समजू लागले. आपल्याकडे नवस फिटेपर्यंत एखादा आवडीचा पदार्थ सोडतात. या माणसाने घर सोडलं होतं. घर अर्धवट आहे तोवर लग्न व्हायचं बाकी आहे, घर पुरं झालं की वाट बघणं संपलं, असा करार त्यांनी स्वतःच्याही नकळत करून ठेवला होता. म्हणून कुंडी आणणंसुद्धा जड जात होतं. आपण म्हणत होतो ‘एक कुंडी आणा’, त्यांना ऐकू येत होतं ‘आशा सोडा’.

मी त्यांना सांगितलं ते असं: लग्नाची इच्छा ठेवा, ती चांगली इच्छा आहे. पण लग्न ही दोन माणसांची गोष्ट आहे, ती तुमच्या एकट्याच्या हातात नाही. रविवारची दुपार तुमच्या एकट्याच्या हातात आहे. पहिलीसाठी दुसरी तारण ठेवली म्हणून पहिली लवकर मिळत नाही.

हे पटायला वेळ लागला नाही. पण पटणं आणि उठून हात चालवणं यात अंतर असतं, आणि मी हात चालवण्यावर भर देणारी समुपदेशक आहे. 1970च्या दशकात पीटर लुइन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उदासीकडे फार सरळ नजरेने पाहिलं. माणसाच्या रोजच्या जगण्यातून त्याला सुख देणाऱ्या कृती गळत जातात, त्यामुळे तो उदास होतो, आणि उदास झाला की आणखी कमी करतो. लुइन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने सुखद गोष्टींची 320 नोंदींची यादीच तयार केली होती. ‘बरं वाटलं की करीन’ म्हणणाऱ्याला मी म्हणूनच सांगते, आधी करा, बरं मागाहून वाटेल. माझ्या अनुभवात हा क्रम बहुतेक वेळा खरा ठरला आहे.

‘लहानपणी हाताने काय करायचात?’ मी विचारलं.

चेहरा एकदम बदलला. दिवाळीत वाड्यातले आकाशकंदील ते बांधायचे. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने सांधे आवळायचे, वर पतंगाचा कागद. ‘माझा कंदील कधी वाकडा लटकला नाही,’ म्हणाले. इतक्या भेटींत स्वतःबद्दल त्यांनी काढलेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

पुढच्या रविवारी ते पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले आणि एक सागवानी खुर्ची घेऊन आले. सांगाडा शाबूत, बैठकीचं वेत फाटलेलं. बोहरी आळीतून पॉलिश पेपर आणला, 80 नंबर, मग 120, मग 220. वर्षानुवर्षांचा तेलकट थर निघाल्यावर लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या, तो फोटो त्यांनी मला पाठवला. मग विणकाम. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवून घ्यायच्या, चकचकीत बाजू वर ठेवायची, चौकटीच्या भोकांतून आधी उभ्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरक्या. भोकात लाकडाची खुंटी ठोकून पट्टी ताणून धरायची. वेत वाळताना आवळतं आणि बैठक ताठ होते. पहिल्यांदा त्यांच्या तिरक्या पट्ट्या अडायला लागल्या. खालून जायचं तिथे वरून गेल्या होत्या. ओढल्यावर घासून तुटायच्या. दोन रविवार त्यात गेले, सगळ्या तिरक्या काढून परत घातल्या. ते सांगताना त्यांच्या आवाजात वैताग होता आणि जिवंतपणाही होता. दुपारी चार कधी वाजले ते त्यांना कळलं नव्हतं. पडदे त्यानंतर लागले, मी न सांगता. मोरपंखी.

ज्यांना यातून काही घ्यायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘छंद जोपासा’ हा सल्ला सगळेच देतात, पण कसला छंद, हे महत्त्वाचं आहे. एकट्या माणसाने पहिलं काम असं निवडावं ज्याला शेवट आहे आणि तो शेवट डोळ्यांना दिसतो. खुर्ची, मांडणी, गळका नळ, एक भिंत. मायकेल नॉर्टन आणि सहकाऱ्यांचा 2012 सालचा एक अभ्यास मला फार आवडतो. लोकांनी स्वतः जोडलेल्या पेट्या आणि कागदाच्या घड्या घालून केलेल्या वस्तू त्यांना इतरांपेक्षा कितीतरी मौल्यवान वाटल्या. मात्र काम अर्धवट राहिलं तर ही माया उरली नाही. म्हणून संपूर्ण घराचं रूप पालटायला निघू नका. एक वस्तू घ्या आणि तडीला न्या. नुसती खरेदी करून हे साधत नाही. नवीन सोफा आठवड्यात जुना होतो.

स्वयंपाकाचंही तसंच. एका माणसाच्या मापाने शिकावं. पाव वाटी बेसनाला वाटीभर पाणी, लसूण-मिरचीची फोडणी, पिठलं होतं. ते ताटात वाढून, बसून खावं. ओट्याशी उभं राहून कढईतून खाणारे कितीतरी जण मला भेटतात, आणि नेमकं हे एक बदलायला सांगितलं की ते चमकून बघतात. स्वतःला ताट वाढणं त्यांना अवघड वाटतं. तिथूनच सुरुवात करावी.

आणि सगळाच वेळ एकट्याच्या कामात घालवू नये. आठवड्यातून एकदा तरी माणसांत नेणारं काही हवं. टेकडीवरचा ग्रुप, सोसायटीचा गणपती, भजनी मंडळ, काहीही. हाताला काम मिळालं म्हणून माणसांची गरज संपत नाही, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे.

एक सावधगिरी. झोप बिघडली आहे, भूक गेली आहे, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त जवळजवळ रोज चाललं असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर खुर्ची विणून भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आता बहिणीचा प्रश्न. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि तो पहिल्या चिंतेच्या अगदी उलट असतो. ‘मॅडम, आता तो एकटाच इतका रमलाय, की लग्नाला नाही तर म्हणणार नाही ना?’

गेल्या महिन्यात त्यांनी खरंच एका स्थळाला स्वतःहून नकार कळवला. वधूवर सूचक मंडळात नाव पुन्हा नोंदवल्यानंतरचं ते पहिलंच स्थळ होतं. बहीण घाबरली. मी त्यांना कारण विचारलं. म्हणाले, ‘दोनदा भेटलो. बोलायला विषयच निघेना, तिलाही आणि मलाही. पूर्वी मी हो म्हणालो असतो. निदान कुणीतरी येतंय, एवढ्यावर.’

हे ऐकून मला किती समाधान झालं ते मी बहिणीला सांगितलं, आणि का झालं तेही. ज्याला घर चालवायला कुणीतरी हवं असतं तो मिळेल त्याला हो म्हणतो. ज्याचं घर चालू आहे त्याला सोबत निवडता येते. पुढचं स्थळ ते येत्या शनिवारी बघणार आहेत.