बेचिराग, बेचिराख आणि शिवारातली पांढर

मराठवाड्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: "आमच्या गावाला लागून एक ओसाड मौजा आहे. जुन्या महसुली कागदांत त्याच्या नावापुढे 'बेचिराग' असा शेरा आहे. त्या शिवारात राखट मातीचं टेकाड आहे, नांगरताना खापरं वर येतात. म्हणजे गाव जाळलं गेलं होतं का? आणि शब्द बेचिराग खरा की बेचिराख?"

चिराग म्हणजे दिवा. बेघर, बेवारस, बेइमान यांतला 'बे' इथेही आहे. तेव्हा बेचिराग गाव म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव. आग, लूट, जाळपोळ यांतलं काहीही या शब्दात नाही. 'त्या घरात दिवा लावायलाही कुणी उरलं नाही' असं आपण आजही म्हणतो. दफ्तरातल्या कारकुनाने तेच अख्ख्या गावाबद्दल एका शब्दात लिहिलं.

बेचिराख हे रूपही चुकीचं नाही, हे आवर्जून सांगतो. फारसीत चिरागच्या शेवटी घशातून निघणारा जो वर्ण आहे, त्याचा मराठीत कधी ग होतो, कधी ख. दिमागचा दिमाख झाला तो याच वाटेने. जुन्या वाड्यांच्या वर्णनात चिराखदानं येतात, ती दिवे ठेवायचीच. त्यामुळे बेचिराखमधली 'राख' ही राख नव्हे, चिराखचं शेपूट आहे. पण मराठी कानाला तिथे राख ऐकू आली आणि अर्थ तिकडे झुकला. आज 'बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झालं' म्हटलं की जळून खाक झालेलं शहरच डोळ्यांसमोर येतं. हा अर्थ आता रूढ आहे, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती हा आजचा अर्थ जुन्या कागदात घालून वाचण्याला. तसं केलं की दुष्काळाने उठलेल्या गावावर आपण नसलेली स्वारी घडवून आणतो.

गाव उठायला कारणं पुष्कळ. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात दख्खनमधली गावंच्या गावं रिकामी झाली. पटकीची साथ, आटलेली विहीर, सततची लूट, नाहीतर बाजाराच्या मोठ्या गावाजवळ राहण्याची सोय, यांपैकी काहीही पुरतं. माणसं गेली तरी मौजा मरत नाही. शीव राहते, नकाशा राहतो, शेजारच्या गावचे लोक तिथली जमीन कसतात, म्हणून दफ्तरात नाव राहतं आणि त्यापुढे शेरा पडतो. विदर्भात अशा गावाला 'रिठी' म्हणतात. उलट बाजूला 'कीर्द-महामुरी', म्हणजे जमीन लागवडीला आणणं आणि वस्ती भरणं. उजाड मुलखात कौल, म्हणजे सवलतींचं लेखी आश्वासन, देऊन रयत परत बोलवायची, ती यासाठी. जळणं आणि ओस पडणं एकत्र आल्याची उदाहरणंही आहेतच. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळलं आणि परंपरा सांगते की वर गाढवाचा नांगर फिरवला. पण तिथे जाळल्याची गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली जाते. नुसत्या 'बेचिराग'वरून ती कळत नाही.

आता त्या राखट टेकाडाकडे. याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे, पांढर किंवा पांढरी. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. जुन्या कागदांत 'पांढरी' म्हणजे गावचे लोक असाही अर्थ येतो. शेकडो वर्षं चुलींची राख, शेण, हाडं, पडलेल्या मातीच्या भिंती एकावर एक साचल्या की काळ्या शिवारात फिकट, भुसभुशीत उंचवटा तयार होतो. पुरातत्त्वातली मराठी माणसं अशा जागेला बिनदिक्कत 'पांढरीचं टेकाड' म्हणतात, आणि मला तो 'वसाहत-स्थळ'पेक्षा कितीतरी नेमका वाटतो. ही माती धाब्याच्या छपरांना, भिंतींना, गढीच्या बुरुजांना वापरली, शेतात खत म्हणून टाकली, त्यामुळे कित्येक पांढरी निम्म्याहून अधिक गाड्यांतून वाहून गेल्या.

थोडक्यात, राख दिसली म्हणजे आग लागली असं नाही. चुलीची राख पट्ट्यापट्ट्याने, घराघरात वेगवेगळ्या पातळीला सापडते. जळालेल्या वस्तीचा थर सलग एका पातळीवर पसरलेला असतो. त्यात कुडाची माती भाजून लाल झालेली, तिच्यावर बोरूचे नाहीतर काड्यांचे ठसे, मेढींच्या, म्हणजे लाकडी खांबांच्या, जागी कोळसा, कधी करपलेलं धान्य. सोडून दिलेल्या घराचं तसं नसतं. भिंती पावसाने विरघळून जमिनीवर बसतात, कामाची भांडी माणसांनी बरोबर नेलेली असतात, आणि वर जो थर येतो त्यात खापरं जवळजवळ नसतातच.

ओस पडणंही नेहमी पूर्ण नसतं. नेवाशाला १९५४ ते १९५६ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाडमोड टेकाड खणलं. सातवाहन काळातल्या वस्तीनंतर तिथे शतकांचा खंड पडतो आणि मग एकदम मध्ययुगातली वस्ती लागते. टेकाड दिवाहीन होतं. पण नेवासे? शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी आपली गीतेवरची टीका याच नेवाशात सांगितली. माणसं होती, वस्ती बाजूला सरकली होती. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचंही तसंच. सातवाहनांच्या काळी भरभराटीला आलेलं तगर नगर, म्हणजे जुनं तेर, पुढे ओसरलं, तरी तिथलं विटांचं त्रिविक्रमाचं मंदिर पूजेत राहिलं, शिलाहार राजे शतकांनंतरही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी, म्हणवत राहिले, आणि तेराव्या शतकात गोरा कुंभार तिथेच मडकी घडवत होते. त्याला बेचिराग म्हणता येणार नाही.

तेव्हा विचारणाऱ्यांना सांगतो: शेरा लिहिताना 'बेचिराग' असंच लिहा, तोच दफ्तरातला शब्द. गाव जळालं असं त्यावरून धरू नका. टेकाडावर फिरताना वर आलेल्या वस्तू तेवढ्या पाहा. आजच्या विटांपेक्षा बऱ्याच मोठ्या विटा दिसल्या तर वस्ती सातवाहनांपर्यंत मागे जाऊ शकते. रंगीत काचेच्या बांगड्यांचे आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले तर बहमनी काळ किंवा त्यानंतरचा विचार करा. ठसे असलेले भाजक्या मातीचे गोळे एकाच पट्ट्यात भरपूर दिसले तर मात्र आगीची शंका घ्यायला जागा आहे. खणू नका, फोटो काढा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. माती नेणाऱ्या गाड्या अजून येत असतील तर हे काम याच उन्हाळ्यात करा.